देवघरातली उदबत्ती अभ्यासाच्या टेबलावर नको

लातुरात शिकवणीसाठी खोली करून राहिलेल्या पोराच्या मोबाईलवर महिनाभर पहाटे पाचला एकच सूर वाजला, की तो नुसता आवाज राहत नाही. ऐकल्याबरोबर दचकायची अंगाला सवय जडते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या कुत्र्यांना खाण्याआधी रोज वाजणाऱ्या ठोक्यासरशी लाळ सुटायची, त्यातलाच हा प्रकार. मानसशास्त्रात याला अभिसंधान म्हणतात. जागेपणी जडलेली अशी जोडी झोपेतही चालते का?

चालते, पण कोणत्या झोपेत, यावर बरंच अवलंबून आहे. २००७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जोडपत्त्यांच्या, म्हणजे सारख्या चित्रांच्या पालथ्या पत्त्यांच्या, जागा पाठ करायला लावल्या, तेव्हा खोलीत गुलाबाचा वास सोडला होता. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. झोपण्याआधी आलेल्या जागांपैकी ९७ टक्के सकाळीही बरोबर आल्या, वासाविना ८६. हाच वास स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात त्या टप्प्यात दिला, तर फायदा नाही. पाठ करताना वास नव्हता, तरीही नाही. नाकाला सवय होऊन वास कळेनासा होतो, म्हणून तो ३० सेकंद सोडून ३० सेकंद बंद ठेवत.

स्वप्नांसाठी मात्र बुबुळं हलणारा टप्पाच धरावा लागतो. जिनिव्हात २०२२ मध्ये वाईट स्वप्नांनी त्रासलेल्या ३६ जणांनी आपापल्या स्वप्नाचा शेवट बदलून जागेपणी त्याची उजळणी केली. त्यांतल्या निम्म्यांच्या उजळणीला पियानोचा एक स्वरमेळ जोडला. मग दोन आठवडे सगळ्यांना झोपेत, डोक्याला बांधलेल्या पट्टीतून, तो ऐकवला. ज्यांच्या उजळणीला तो स्वरमेळ जोडला होता, त्यांची वाईट स्वप्नं जास्त घटली. स्वप्नात पियानो दिसावा, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. बदलतो तो बहुतेक स्वप्नाचा सूर.

घरी करून पाहायचं तर वास बरा, कारण आवाज जरा चढला की झोपच मोडते, आणि मोडलेल्या झोपेत पाठांतराचं नुकसान होतं. जर्मनीत सहावीच्या ५४ मुलांवरच्या प्रयोगात काहींनी गुलाबाच्या उदबत्त्या न पेटवता आधी अभ्यासाच्या टेबलावर आणि मग उशाशी ठेवल्या. इंग्रजी शब्दांचं पाठांतर सुमारे ३० टक्क्यांनी सुधारलं, तेही झोपेचा टप्पा न मोजता.

आपल्याकडे हे बिघडतं ते साध्या कारणांनी. देवघरात रोज दरवळणारा मोगरा मेंदूला आधीच ओळखीचा असतो, त्याला अभ्यास चिकटत नाही. एरवी घरात नसणारा वास घ्यावा आणि अभ्यास संपला की झोपेपर्यंत काडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावी. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या झोतात झोपणाऱ्यांनी तर हा नाद सोडावा. वास उशीपाशी टिकतच नाही.