पोटेमकिनने पुठ्ठ्याची गावं उभारली होती का?

‘पोटेमकिन गाव’ म्हणजे निव्वळ देखावा, असं सर्रास म्हटलं जातं. १७८७ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन क्रिमियाच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा दक्षिणेचा गव्हर्नर-जनरल ग्रिगोरी पोटेमकिन याने नदीकाठी खोटी गावं उभी केली, अशी ती कथा. ती लिहून पसरवली सॅक्सनीचा राजनैतिक अधिकारी हेल्बिग याने, आणि तो त्या दौऱ्यात नव्हताच! रंगरंगोटी, कमानी, रोषणाई जरूर झाली. राणीच्या स्वागताला ती होणारच. पण क्रिमियातल्या इंकरमनला भोजन चालू असताना पडदा सरकला आणि समोर सेवास्तोपोलच्या खाडीत नांगरलेलं आरमार दिसलं. ती जहाजं खरी होती. सेवास्तोपोलची स्थापनाही अवघ्या चार वर्षांपूर्वीची, १७८३ ची. खेरसोन १७७८ चं. ही बंदरं उभारणाऱ्याचं नाव फसवणुकीला चिकटावं, हा मला अन्याय वाटतो.