पुंजवाद आणि भाषा

पुंजवाद आणि भाषा : अणू, इलेक्ट्रॉन, फोटॉन (प्रकाशाचा कण) यांच्या वर्तनाचे गणित पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) चोख मांडते, पण त्या गणिताचा अर्थ रोजच्या बोलीत सांगायला गेले की वाक्य अडते. हे अडणे शब्दांच्या तोकडेपणामुळे, की ज्याला आपण वास्तव म्हणतो त्याच्या घडणीमुळे, हा या नोंदीचा विषय. १९२० च्या दशकात हा वाद प्रामुख्याने कोपनहेगन आणि गटिंगेन येथे झडला. मुंबईत दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकून अकरावीत एकदम इंग्रजीला सामोऱ्या जाणाऱ्या मुलापुढे तो निराळ्या रूपात येतो : त्याच्याकडे घरचे शब्द असतात, पण वर्गात ते कोणी विचारत नाही.

अडचण कोठे आहे, हे दहा बाय दहाच्या खोलीतही दिसते. लेसर पॉइंटरच्या झोतात डोक्याचा एक केस ताणून धरावा (झोत डोळ्यात जाऊ देऊ नये). समोरच्या भिंतीवर केसाची सावली पडत नाही; लाल आणि काळ्या पट्ट्यांची ओळ उमटते. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, सुमारे ०.०८ मिलिमीटर जाडीचा केस आणि तीन मीटरवर भिंत असेल, तर काळ्या पट्ट्या एकमेकींपासून जवळपास अडीच सेंटिमीटरवर येतात. येथवर सगळे लाटांच्या भाषेत बसते. आता झोत इतका मंद करावा, की एका वेळी एकच फोटॉन निघेल. प्रत्येक फोटॉन पडद्यावर एकाच ठिकाणी ठिपका उमटवतो, आणि असे असंख्य ठिपके साचले की पुन्हा त्याच पट्ट्या तयार होतात. इलेक्ट्रॉनांचे असे ठिपके एकेक करून साचताना आकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जपानात टिपले. मग मन विचारते : तो एकटा फोटॉन केसाच्या डावीकडून गेला की उजवीकडून? ‘गेला’ हे क्रियापद वापरताच वाटेचा प्रश्न आपोआप येतो. निसर्गाने तो विचारलेला नसतो, आपल्या वाक्यरचनेने विचारलेला असतो.

कोपनहेगनचे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांची भूमिका अशी होती, की घटना कितीही अपरिचित असली तरी प्रयोगाची मांडणी आणि त्याचे फलित साध्या, जुन्या भौतिकीच्या भाषेतच सांगावे लागते, नाहीतर एकाने केलेले दुसऱ्याला कळणारच नाही. कण आणि तरंग ही चित्रे म्हणून परस्परपूरक. दोन्ही लागतात, पण एकाच मांडणीत दोन्ही वापरता येत नाहीत. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांना असल्या चित्रांची ओढ नव्हती. निसर्गाचे मूलभूत नियम ज्या पातळीवर चालतात तिचे मनःचित्र काढू गेले तर त्यात गैरलागू गोष्टी शिरतात, असे त्यांनी १९३० मध्येच लिहिले होते. हेच डिरॅक १९५४–५५ च्या सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्याने देत होते, आणि टिपणे तयार करणाऱ्या दोघांपैकी एक होते तरुण भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सुदर्शन.

परिभाषेचा प्रश्न येथेच येतो. कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी हवे तितके नेमके सांगता येत नाहीत, या जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या तत्त्वाला मराठीत ‘अनिश्चितता’ म्हणतात. या शब्दात दोन अर्थ बसतात : ‘मला खात्री नाही’ आणि ‘मुळात ठरलेलेच नाही’. लोकलची वेळ अनिश्चित आहे, म्हणजे ती कुठेतरी आहे, आपल्याला ठाऊक नाही. इलेक्ट्रॉनाचे स्थान आणि संवेग यांविषयी नेमके हेच म्हणता येते का, हा तर वाद आहे. शब्द मात्र आधीच एका बाजूला कललेला. जर्मनमध्ये या तत्त्वासाठी ‘उनबेश्टिम्टहाइट’, म्हणजे ठरलेपणाचा अभाव, असाही शब्द चालतो. मराठीत ‘अनिर्धारितता’ अधिक प्रामाणिक ठरली असती, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

पण मराठीची जमेची बाजूही मोठी आहे. ‘मला दिसले’ आणि ‘मी पाहिले’ यांत आपण सहज फरक करतो. दिसते ती वस्तू आधीपासून तेथे असते. पाहणे ही मात्र कृती आहे; शिवाय मराठीत चाखून पाहतात, विचारून पाहतात, घराबाहेर पडताना कुलूप ओढून पाहतात. कुलूप ओढल्यावाचून ते लागले की नाही कळत नाही, आणि ओढणे म्हणजे त्याला हात लावणे. पुंजयामिकीतले मापन हे या अर्थाने ‘पाहणे’ आहे, ‘दिसणे’ नव्हे. सुदर्शन आणि बैद्यनाथ मिश्रा यांनी १९७७ मध्ये दाखवले, की एखादी प्रणाली वारंवार अशी ‘पाहत’ राहिले तर तिच्यातला बदलच थोपतो (क्वांटम झेनो परिणाम). १९९० मध्ये बेरिलियमच्या आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) याचा प्रयोग झाला.

सगळे गुण आधीपासून ठरलेले असतात आणि दूरच्या कृतीचा इथे तत्काळ परिणाम होत नाही, ही दोन्ही गृहीते एकत्र धरली तर काय होते, हे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये तपासण्याजोगे केले. एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन कणांवरची मापने किती जुळतात याच्या आकड्याला ही गृहीते मर्यादा घालतात; त्यांच्या या असमानतेच्या प्रचलित रूपात ती मर्यादा २ आहे. पुंजयामिकी सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देते. प्रयोगांनी २ ची मर्यादा ओलांडली. आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंटोन त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल यासाठीच मिळाले. तरीही ‘आधीपासून असणे’ हद्दपार झाले असे म्हणणे घाईचे होईल. दूरचा परिणाम मान्य केला तर कणाला निश्चित स्थान देता येते, हे डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये दाखवले होते, आणि कुलाब्याच्या टाटा संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनी १९९० च्या दशकात स्थान आणि संवेग या दोहोंना समान लेखणारी कार्यकारणवादी मांडणी केली.

बेल यांच्या असमानतेतल्या दोन कणांच्या जोडलेपणाला (इंग्रजीत ‘एन्टँगलमेंट’) ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये ‘फरश्रेंकुंग’ म्हटले. मराठीत त्यासाठी ‘गुंता’ किंवा ‘गुंतागुंत’ वापरतात. गुंता म्हटला की सुटत नसलेला दोरा आठवतो, काहीतरी बिघडलेले. जर्मन क्रियापद मात्र छातीवर हात एकमेकांत अडकवण्यासाठीही वापरतात, म्हणजे आपल्या शाळेतली हाताची घडी. तीत विस्कटलेले काहीच नसते. एक हात कसा आहे हे सांगताना दुसरा सांगावाच लागतो.