एका दातानं चुकलेली गाडी

डिसेंबरातली सकाळ. नागपुरात मानेवाड्यातल्या एका घराच्या पोर्चमध्ये बोनेट उघडं, खाली पोतं अंथरलेलं, त्यावर पाने पसरलेले. मित्राने फोन करून बोलावलं होतं. मी गेटातून आत येतो न येतो तोच तो म्हणाला, "काऊन गा, टेन्शनर तर कोरा करकरीत टाकला ना, मग गाडी अशी काऊन थरथरून राहिली?"

गाडी बारा वर्षांची. रोज सकाळी पहिल्यांदा सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा आणि दोन-तीन सेकंदांत थांबायचा. यावरून त्याने टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर बोट ठेवलं, ते बरोबरच होतं. त्याच्या इंजिनात हा भाग बाहेरूनच दोन बोल्टवर बसतो, पुढचं कव्हर उघडावं लागत नाही. अर्ध्या तासात काम उरकलं. खडखड गेली, पण आता आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, गाडी थरथरत होती, पिकअप मेला होता आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. नवा पार्ट डुप्लिकेट निघाला, असा त्याचा निकाल तयार होता.

माझा संशय पार्टवर नव्हता. मधल्या त्या अर्ध्या तासावर होता, जेव्हा इंजिनात टेन्शनर नव्हताच.

खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो, वर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणून क्रँकच्या चक्राला समजा १८ दात असतील, तर कॅमच्या चक्राला ३६. दोघांना बांधून ठेवते ती चेन. सायकलच्या चेनकडे पाहा: पायडल मारताना वरची बाजू ताणलेली असते, खालची सैल लोंबते. इथेही एक बाजू सैल पडते आणि टेन्शनर त्याच बाजूला पट्टी दाबून बसतो. आत एक स्प्रिंग असते, पण खरं काम तेलाचं. ऑइल पंपाचा दाब दट्ट्याला बाहेर ढकलतो आणि आतली झडप ते तेल परत जाऊ देत नाही. कॅमवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचे झटके सतत बसतात. ते झटके हेच अडकलेलं तेल जिरवतं. झडप झिजली की रात्रभरात तेल निथळून जातं आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन खडखडते. त्याचे ते दोन-तीन सेकंद म्हणजे हेच.

टेन्शनर काढला की चेनला धरणारं कोणी उरत नाही. कॅम मात्र निवांत नसतो. त्याचा एखादा उंचवटा दाबलेल्या स्प्रिंगवर टेकलेला असतो, संधी मिळाली की तो घसरतो. त्यात कोणी क्रँकची पुली उलटी फिरवली तर ताणलेली बाजूही सैल पडते आणि चेन दातावरून उडी मारते. मी विचारलं तेव्हा मित्र जरा खाकरला. बोल्टपर्यंत पाना पोचत नव्हता, म्हणून त्याने पुली "थोडीशीच" मागे घेतली होती.

एक दात म्हणजे किती? ३६ दातांच्या चक्रावर १० अंश, क्रँकच्या हिशेबात २० अंश. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात हे अंतर मिलिसेकंदाहून किंचित जास्त भरतं. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यात पिस्टन वर निघालेला असतो आणि हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो; आत ओढलेली हवा आल्या वाटेने परत जाते.

आधी मात्र मी कनेक्टर तपासले. हे काम कंटाळवाणं आहे, पण हात जिथे जिथे लागला तिथे सुटलेली वायर, निघालेला व्हॅक्यूम पाइप, विसरलेला अर्थिंगचा बोल्ट आधी पाहून घ्यावा. सगळं जागेवर होतं. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी००१६: क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. पी०३४० आला असता तर आधी कॅम सेन्सर आणि त्याची वायर पाहिली असती. दोन्ही कोडमध्ये कॅमच येतो, पण पहिला कोड तक्रार करतो नात्याची, दुसरा सिग्नलची. कॉम्प्युटरला हे कळतं कसं? अनेक गाड्यांत क्रँकवर ६० दातांच्या जागा असलेली चकती असते, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. दर दात ६ अंशांचा, आणि गाळलेली जागा म्हणजे मोजणीची सुरुवात. कॅमची खूण ठरल्या दाताशी आली नाही की दिवा लागतो. अर्थात व्हेरिएबल टायमिंगचा, म्हणजे कॅमची वेळ पुढे-मागे करणारा तेलाचा व्हॉल्व्ह अडकला किंवा ऑइल कमी असलं तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून कोडवर विसंबून इंजिन उघडू नये.

मग इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीवर धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलला साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवतं. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर, त्यामुळे आपल्याकडे इंचभर कमी धरायचं. मित्राच्या गाडीचा काटा त्याहूनही बराच खाली होता, आणि स्थिर होता. एखादा व्हॉल्व्ह गळत असेल तर काटा ठेक्यात झटके देतो. इथे झटके नव्हते. चारही सिलिंडर सारखेच आजारी होते.

सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टनेही तेच सांगितलं: चारही ठिकाणी कमी, पण जवळजवळ सारखं. माझा जीव खरा इथे भांड्यात पडला. आजच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह वेगवेगळ्या वेळी एकच जागा वापरतात. चेन बरेच दात सरकली की दोघांची गाठ पडते आणि व्हॉल्व्ह वाकतो. तसं झालं असतं तर एखाद-दोन सिलिंडर शून्याजवळ गेले असते. सगळेच सिलिंडर गेले तर कानालाही ते कळतं: सेल्फ मारल्यावर इंजिन दर दाबाला अडखळत "ढुर्र-ढुर्र" न करता मिक्सरसारखं एकसुरी फिरतं. त्यावेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसू नये. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून कान लावावा. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा.

पुढच्या रविवारी कव्हर उघडलं. चेन बरोबर एक दात सरकली होती. जागेवर बसलेला नवा टेन्शनर पाहिला तर त्याचा दट्ट्या जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला. म्हणजे चेनही झिजली होती. लोक म्हणतात चेन "ताणली जाते", पण पोलाद असं ताणलं जात नाही. सांध्यांतल्या पिना आणि बुश झिजतात. १३० कड्यांत प्रत्येकी शतांश मिलिमीटर झीज धरा, लांबी १.३ मिलिमीटरने वाढते. नवा टेन्शनर ती लांबी झाकतो, कमी करत नाही. मी चेनही बदलायला लावली. आठ दिवस चाललेली ही बचत तिथेच संपली, आणि वहिनींनी ते बोलूनही दाखवलं.

चेनच्या रंगीत कड्या चक्रांवरच्या खुणांशी जुळवल्या, टेन्शनरचा दट्ट्या आत दाबून ठेवणारी पिन ओढली. ही पिन ओढायची राहून जाणं ही हमखास होणारी चूक; दट्ट्या आतच अडकून राहतो आणि नवी चेन पहिल्याच दिवशी खडखडते. मग स्पार्क प्लग काढून पुलीवर पाना लावला आणि इंजिन हाताने, योग्य दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. अडलं नाही.

"अरे, पण रंगीत कड्या आता खुणेवर नाहीत!" मित्र पुन्हा घाबरला.

त्या नसणारच. चक्रांवरच्या खुणा दोन फेऱ्यांनी परत जुळतात आणि तेवढ्याच पाहायच्या. चेन मात्र क्रँकच्या एका फेऱ्यात १८ कड्या पुढे जाते. १३० कड्यांची चेन, १८ आणि ३६ दातांची चक्रं, तर सगळं पुन्हा जसंच्या तसं यायला क्रँकचे १३० फेरे लागतात. पोर्चच्या भिंतीवर खडूने हा हिशेब मांडून दाखवला. त्याने पाना खाली ठेवला, मला वाटलं पटलं. पाचेक मिनिटांनी मागे वळून पाहतो तर गडी पुन्हा पुलीवर वाकलेला, आणि तोंडाने मोजणी चालू: "एकोणीस, वीस, एकवीस..."