स्वतःचे उत्तर आणि सोबत्याचे उत्तर: स्मृतिभ्रंशात जीवनाची गुणवत्ता मोजताना

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या जीवनाची गुणवत्ता मोजताना कधी त्याला स्वतःला विचारले जाते, तर कधी त्याची काळजी घेणाऱ्या सोबत्याला. (‘जीवनमान’ हा शब्द मी टाळतो, कारण त्यातून आधी पैसा आणि राहणी सुचते.) सोबत्याचे उत्तर म्हणजे रुग्णाच्याच उत्तराची अधिक विश्वासार्ह प्रत, असे पुष्कळदा धरले जाते, ते मला मान्य नाही.

घोटाळा होण्याचे एक कारण म्हणजे प्रश्न तेच असतात. अमेरिकेतील रिबेका लॉग्सडन आणि सहकाऱ्यांच्या ‘क्यूओएल-एडी’ या प्रश्नावलीत प्रकृती, उत्साह, मनःस्थिती, स्मरणशक्ती, कुटुंब, पैसा अशा १३ बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण मिळतात आणि बेरीज १३ ते ५२ यांच्या दरम्यान येते. रुग्ण स्वतःविषयी सांगतो. सोबत्याने मात्र आपल्याला जसे दिसते तसे सांगायचे असते.

हा फरक गुणांत उतरतो. सोबत्यांनी दिलेले गुण सरासरीने रुग्णांच्या गुणांपेक्षा कमी भरतात. रुग्णाच्या उत्तराचा संबंध प्रामुख्याने त्याच्या नैराश्याशी आढळतो, स्मरणशक्तीच्या चाचणीतील गुणांशी तो फारच क्षीण असतो. सोबत्याच्या उत्तरात मात्र रोजच्या कामांत लागणारी मदत, रुग्णाचे बदललेले वागणे आणि सोबत्याचा स्वतःचा थकवा मिसळलेला असतो. समजा, घरकामाविषयी विचारल्यावर आजोबा ‘चांगले’ म्हणतात, कारण सकाळी घड्या घातलेले कपडे त्यांना समाधान देऊन गेले. आजी ‘वाईट’ म्हणतात, कारण त्याच घड्या त्यांना पुन्हा घालाव्या लागल्या. यात खोटे कोणीच बोलत नाही. आज अंघोळ झाली की नाही, याविषयी आजींवर विसंबणे योग्यच आहे, पण दिवस कसा वाटला याचे साक्षीदार आजोबाच आहेत, आणि आजार सौम्य किंवा मध्यम असेपर्यंत बहुतेकांना ते सांगता येते.

आजार फार वाढल्यावर बोलणेच थांबते. तेव्हा ‘क्वालिड’सारखी, आठवडाभरातील हसणे, रडणे, अस्वस्थता यांच्या निरीक्षणावर आधारलेली ११ बाबींची पद्धत वापरावी लागते.

‘क्यूओएल-एडी’त दोन्ही गुण एकत्र करण्याची सोय आहे, आणि तेव्हा रुग्णाच्या गुणांना दुप्पट वजन दिले जाते. ब्रिटनमधील ‘डेमक्वाल’ या प्रश्नावलीने रुग्णासाठी २८ आणि सोबत्यासाठी ३१ प्रश्नांच्या वेगळ्या आवृत्त्या केल्या, आणि सोबत्याला रुग्ण स्वतः काय म्हणाला असता ते सांगण्यास सुचवले. मला दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, वेगळे ठेवणे अधिक प्रामाणिक वाटते. आधीची प्रश्नावली रुग्णाने आणि सहा महिन्यांनंतरची त्याच्या मुलाने भरली असेल, तर घसरलेल्या गुणांवरून रुग्णाचे आयुष्य खालावले असे म्हणता येत नाही. उत्तर देणाराच बदललेला असतो.