कुंडी रिकामी करू नका! कंदांच्या फुलझाडांची माहिती, आमच्या ग्राहकांसाठी

हिवाळा सरत आला की आमच्या रोपवाटिकेत एक तक्रार हमखास येते: "तुमच्याकडून नेलेली फुटबॉल लिली वाळून गेली." आम्ही आधी एकच विचारतो, कुंडीतली माती टाकली का? पुष्कळदा उत्तर "हो" असतं आणि मनापासून हळहळ वाटते. त्या मातीत चांगला टणक कंद होता, मे महिन्यात तो पुन्हा फुलला असता. अशी झाडं वाचावीत म्हणून हे पत्रक प्रत्येक कंदासोबत देत आहोत.

झेंडू, गलांडा एका हंगामात संपतात. कंदांच्या झाडांचं तसं नाही. वरची पानं गेली तरी खाली अन्न-पाणी साठवलेला कंद शाबूत असतो. आपल्याकडे पाऊस जेमतेम चार महिने, बाकी वर्ष कोरडं. त्या कोरड्या काळात ही झाडं जमिनीखाली विसावा घेतात. फुटबॉल लिलीची (हिलाच मे फ्लॉवर म्हणतात) पानं नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करा. पूर्ण वाळल्यावर कुंडी पाऊस-पाण्यापासून दूर, सावलीत सरकवा. पानं हिरवी असताना मात्र कात्री लावू नका. पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न तीच तयार करतात. शंका आली तर माती बाजूला करून कंद बोटाने दाबून पाहा. टणक लागला तर जिवंत आहे. मऊ पडून वास येत असेल तर कुजला. आणि तो बहुधा विश्रांतीच्या काळात घातलेल्या पाण्यानेच कुजलेला असतो.

कुंडीत एक काडी खोचून तिच्यावर झाडाचं नाव आणि पानं वाळल्याचा महिना लिहून ठेवा. घरात झाडांना पाणी घालणारी माणसं बदलत असतात, त्यांना ही काडी उपयोगी पडते.

सोनटक्का

आमचं सर्वात लाडकं झाड. आल्याच्या कुळातलं, मूळचं पूर्व हिमालयाच्या बाजूचं, आणि क्यूबाचं राष्ट्रीय फूल. वरचे सगळे नियम इथे उलटे करा: सोनटक्क्याला पूर्ण कोरडं कधीच ठेवायचं नाही. त्याला ओल हवी, खतवलेली माती हवी आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. मोरीचं किंवा धुण्याचं पाणी जिथे जिरतं, त्या कोपऱ्यात जुन्या घरांतून सोनटक्का असायचा तो याचसाठी. फक्त त्या पाण्यात साबण-सोडा फार नसावा.

कंद आडवा ठेवून वर साधारण 5 सेंमी माती, दोन कंदांत दीड फूट अंतर. कुंडीत लावायचा असेल तर किमान 14 इंची, रुंद तोंडाची घ्या. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलं येतात. ती संध्याकाळी उमलतात आणि तेव्हाच वास सर्वात दाट असतो, म्हणून जागा खिडकी-ओसरीजवळची निवडा. एक दांडा एकदाच फुलतो. तुरा संपला की तो दांडा मातीलगत कापा, म्हणजे नव्या कोंबांना जागा आणि उजेड मिळतो. "खूप वाढलाय, पण फुलत नाही" असं सांगणाऱ्यांकडे बहुतेक वेळा गड्डा दाटलेला असतो, नाहीतर जागा फार अंधारी असते.

निशिगंध

सोनटक्क्याच्या शेजारी लावू नका, दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, त्याला भरपूर ऊन हवं आणि मुळाशी पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. एप्रिल-मेमध्ये 2 ते 3 सेंमी जाडीचे कंद 5-6 सेंमी खोल लावा. त्याहून बारीक कंद पहिल्या वर्षी नुसती पानं देतील, ते स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नका. साधारण तीन-चार महिन्यांत दांडे येतात.

ज्या कंदाने एकदा दांडा दिला तो पुन्हा फुलत नाही, त्याच्या भोवतीची पिल्लं पुढे फुलतात. म्हणूनच तीन वर्षांत गड्डा इतका दाटतो की फुलं कमी होतात. तेव्हा पानं पिवळी पडल्यावर खणून काढा, कंद सुटे करा, महिनाभर सावलीत पसरून ठेवा आणि मोठे निवडून पुन्हा लावा. आम्ही एकेरी फुलांत राहुरी कृषी विद्यापीठाचा 'फुले रजनी' आणि बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा 'प्रज्वल' हे वाण ठेवतो. फुलदाणीसाठी दुहेरी सुवासिनी सुंदर दिसते, पण हार-गजऱ्याला आमची पसंती एकेरीलाच.

कळलावी, आणि एक कळकळीची सूचना

सह्याद्रीत पावसाळ्यात जाळ्या-झुडपांवर चढलेली, लाल-पिवळ्या पाकळ्यांची अग्निशिखा ती हीच. पानांच्या टोकांनी आधार धरून वर जाते, म्हणून जाळी किंवा काटक्या द्या. कंद ठिसूळ असतो आणि कोंब टोकालाच येतो. ते टोक मोडलं तर कंद वाया गेला. पण हे झाड सर्वांगाने विषारी आहे, आणि कंद सर्वात जास्त. तो रताळ्यासारखा दिसत असल्याने खाऊन माणसं दगावली आहेत. स्वयंपाकघरात किंवा खाण्याच्या कंदांजवळ तो कधीही ठेवू नका, हाताळताना हातमोजे घाला. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर आम्ही हा कंद विकत नाही, कृपया आग्रह करू नये. फुटबॉल लिलीचा कंदही विषारी असतो, तोही मुलांच्या हाती लागू देऊ नका.

बाकीची थोडक्यात. कर्दळीला ऊन आणि पाणी मिळालं की ती वर्षभर चालते, फक्त फुललेले दांडे कापत राहा आणि गुंडाळलेलं पान दिसलं तर उघडून आतली अळी काढा. रेन लिली थोडी कोरडी ठेवून मग भरपूर भिजवली की एकदम फुलते. गुलबक्षीला काहीच लागत नाही.

माती

काळ्या मातीत कंद सर्वाधिक कुजतात. जमिनीत लावत असाल तर गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा) करा. कुंडीसाठी दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण नको. युरिया तर नकोच, त्याने पानंच माजतात.

अलीकडे इंग्लंडमधल्या बागांचे व्हिडिओ पाहून ॲस्ट्रॅन्शियाचं बी मागणारेही येतात. फूल देखणं आहे यात शंका नाही. पण ते युरोपातल्या डोंगराळ कुरणांचं आणि ओलसर रानांचं झाड. त्याच्या बियांना रुजण्याआधी हिवाळ्याची थंडी लागते आणि आपल्या एप्रिल-मेच्या झळा त्याला सोसवत नाहीत. ते विकून तुमचे पैसे वाया घालवणं आम्हाला पटत नाही. अर्ध्या सावलीच्या, ओलसर कोपऱ्यात तिकडे ते लावतात. तशाच कोपऱ्यासाठी आम्ही सोनटक्का सुचवतो.

सोनटक्का दर दोन-तीन वर्षांनी पावसाच्या सुरुवातीला विभागावा लागतो आणि कंद उरतातच. ते ओढ्याकाठी किंवा नाल्यात टाकू नका. हवाई बेटांवर आणि ब्राझीलमध्ये याच झाडाने ओढ्यांचे काठ व्यापून तिथल्या वनस्पतींना हटवलं आहे. शेजाऱ्यांना द्या, नाहीतर जूनमध्ये आमच्याकडे घेऊन या आणि बदल्यात दुसऱ्या जातीचा कंद न्या.