मूळ भाषांतून बायबल-मनन

बायबलमधील वचन ज्या हिब्रू, अरामी किंवा ग्रीक शब्दांत प्रथम लिहिले गेले, त्या शब्दांपाशी थांबून केलेले चिंतन. जुना करार बहुतांशी हिब्रूत आहे. दानीएल व एज्रा या ग्रंथांचे काही भाग अरामीत आहेत. नवा करार कोइने ग्रीकमध्ये, म्हणजे त्या काळी पूर्व भूमध्य प्रदेशात सर्रास चालणाऱ्या ग्रीकमध्ये आहे.

जुन्या करारातील स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. तिथे मुळात ‘हागा’ हे क्रियापद आहे. यशयाच्या ग्रंथात तेच शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी (३१:४) आणि पारव्याच्या घुमण्यासाठी (३८:१४) येते. म्हणजे हे मनन मुके नव्हे. त्यात ओठ हलतात, तीच ओळ पुन्हा पुन्हा पुटपुटली जाते.

तेविसाव्या स्तोत्राच्या अखेरीस चांगुलपणा आणि ‘हेसेद’ आयुष्यभर कवीच्या मागे येतात. ‘हेसेद’चे भाषांतर सहसा दया किंवा प्रेमदया असे होते, पण त्यात दिलेल्या शब्दाला जागण्याची निष्ठाही आहे. १३६व्या स्तोत्रात २६ वेळा येणाऱ्या ध्रुवपदाचा आधार हाच शब्द आहे. ‘मागे येणे’ यासाठी मुळात ‘रादाफ’ आहे, म्हणजे पाठलाग करणे. मिसरचा राजा फारो इस्राएलांच्या मागे लागतो तेव्हाही (निर्गम १४) हेच क्रियापद वापरले आहे. आधीच्याच वचनात कवीचे शत्रू समोर आहेत. पाठलाग मात्र देवाची निष्ठा करते. स्तोत्राची ही धार बहुतेक भाषांतरांत बोथट होते, आणि मूळ शब्दाकडे वळण्याचे खरे मोल अशा ठिकाणी कळते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका म्हणजे एकट्या शब्दावर सगळा अर्थ लादणे. ‘अगापे’ म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रेम, असे प्रवचनांत नेहमी ऐकू येते. पण जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, दावीदपुत्र अम्नोनाच्या सावत्र बहीण तामारेविषयीच्या विकृत आसक्तीलाही (२ शमुवेल १३) त्याच धातूचे क्रियापद आहे. पौलाला सोडून गेलेल्या देमासाचे ऐहिक जगावरचे प्रेमही (२ तीमथ्य ४:१०) त्याच क्रियापदाने सांगितले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पित्याच्या पुत्रावरील प्रेमासाठी एकदा ‘अगापाओ’ (३:३५), तर एकदा ‘फिलेओ’ (५:२०) येते. २१व्या अध्यायात येशू पेत्राला ‘तू माझ्यावर प्रेम करतोस काय?’ असे तीनदा विचारतो, आणि त्या संवादात ही दोन्ही क्रियापदे येतात. त्यांवर उभारलेला दोन प्रकारच्या प्रेमांचा भेद त्यामुळे फारसा भक्कम नाही. व्युत्पत्तीतून सिद्धांत काढण्याच्या या सवयीवर बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये कठोर टीका केली, आणि ती रास्तच होती. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो.

बायबलमधला कोणता शब्द कुठे येतो हे दाखवणाऱ्या १८९०च्या स्ट्राँग शब्दसूचीने प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिला. त्यामुळे हिब्रू-ग्रीक न शिकलेल्यालाही मूळ शब्दापर्यंत पोहोचता येऊ लागले. मात्र अशा सूचीतून शब्द सापडतो, वाक्यरचना कळत नाही.

पाठाचाही प्रश्न आहे. प्राचीन हिब्रू लिखाणात स्वरचिन्हे नव्हती. ती मासोरा परंपरेच्या, म्हणजे हिब्रू पाठ काटेकोरपणे जतन करणाऱ्या यहुदी पंडितांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात घातली. उत्पत्ती ४७:३१ मधील व्यंजने ‘मित्ता’ म्हणजे पलंग, किंवा ‘मत्ते’ म्हणजे काठी, अशी दोन्ही प्रकारे वाचता येतात. मासोरा पाठात वृद्ध याकोब पलंगाच्या उशाकडे नमतो, सेप्टुआजिंटमध्ये काठीच्या टोकावर. इब्री लोकांस पत्राचा लेखक (११:२१) ग्रीक पाठच घेतो, त्यामुळे एकाच बायबलमध्ये दोन्ही वाचने आढळतात.