बुजरा घोडा, चंदी आणि सर्पगंधा

घोड्याला 'शांत' ठेवणाऱ्या भुकटीचा कुठलाही डबा उचलून मागची बाजू वाचा. नावं साधारण तीच असतात: मॅग्नेशियम, जीवनसत्त्व बी-१, ट्रिप्टोफॅन, कॅमोमाइल, कधी व्हॅलेरियन. ही मंडळी एका डब्यात कशी जमली याचा माग काढायला गेलं, की घोड्यांच्या अभ्यासाइतकंच माणसांचं औषधांचं कपाट उलगडत जातं, आणि त्याच्या मागोमाग येते स्पर्धांमधली बंदी घातलेल्या पदार्थांची यादी.

बुजणं हा काही आजार नव्हे. घोडा हा ज्याची शिकार होते असा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे पाठीमागचा थोडा भाग सोडला तर भोवतालचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं. उडती प्लास्टिकची पिशवी दिसली की आधी पळायचं, मग ती काय होती ते बघायचं, हा त्याचा स्वभाव. वरातीतली घोडी ताशे आणि फटाक्यांच्या मधोमध उभी राहते, तेच खरं नवल. प्रश्न असतो तो किती बुजतो आणि किती लवकर सावरतो याचा. चाऱ्या-दाण्याचा संबंध येतो तो इथे.

घोडा तयार करण्याबद्दलचा सर्वांत जुना सविस्तर मजकूर हित्ती राजधानीत, आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे, मातीच्या पाट्यांवर सापडला. इ. स. पू. १४ व्या शतकाच्या सुमाराचा हा मजकूर मितान्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा आहे. कुठल्या दिवशी किती दौड, किती जव, किती गवत, पाणी कधी, याचा तो रोजचा हिशेब आहे. दौडीच्या फेऱ्यांसाठी तो जे शब्द वापरतो ते मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात वळसे. दाण्याचं माप कामाच्या मापाशी बांधायचं, हे त्या पाट्यांमधून स्वच्छ दिसतं.

ग्रीक सेनानी झेनोफनने इ. स. पू. चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिलं. घोडा एखाद्या वस्तूला बिचकला तर आधी आपण तिला हात लावावा आणि मग त्याला हळूच जवळ न्यावं. मारून नेलं तर दुखणं त्या वस्तूमुळेच होतंय असं त्याला वाटतं आणि तो जास्तच घाबरतो. हे आजच्या कुठल्याही चांगल्या शिक्षकाच्या तोंडी शोभेल. त्याच ग्रंथात, घोडा वैरण सांडू लागला तर त्याची जी कारणं तो देतो, त्यांत जव जास्त झाल्याने होणारा विकारही आहे. ग्रीकांकडे त्या विकाराला स्वतंत्र नाव होतं.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं प्रकरण आहे. उत्तम घोड्याला (द्रोण, प्रस्थ, पल ही तेव्हाची मापं) दोन द्रोण भात किंवा जव, भिजवलेले वा अर्धवट शिजवलेले; जोडीला मूग किंवा उडीद, एक प्रस्थ तेल, पाच पल मीठ, वर दही, आणि प्यायला सुरा किंवा दूध. पन्नास पल मांसही आहे, ते वाचून आजचा पशुवैद्य कपाळाला हात लावील. त्यातला तेलाचा आकडा मात्र लक्षात ठेवा, तो शेवटी लागणार आहे. वैद्याच्या हयगयीने दुखणं वाढलं तर खर्चाच्या दुप्पट दंड आणि घोडा दगावला तर त्याची किंमत भरायची, असाही नियम आहे. आजच्या डबेवाल्या कंपन्यांवर तो लागू नाही, हे त्यांचं नशीब.

दख्खनेत चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, मुख्यतः हरभरा आणि हुलग्याची. इंग्रजांनी हुलग्याचं नावच घोड्यावरून ठेवलं. ही चंदी जोरकस होती, पण घोडंही दिवसाकाठी कोसच्या कोस चाललेलं असे. चिपळूणजवळच्या तळावरच्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच बेपर्वाईने उडवलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, अशी त्यात खरमरीत तंबी आहे. तेव्हाची काळजी घोडा उपाशी राहील याची होती. जास्त दाण्याने घोडा मस्तीला येईल ही चिंता नंतरची. काम घटलं, घोडा दिवसभर ठाणावर बांधला गेला, चरणं संपलं, आणि तोबरा मात्र तेवढाच राहिला, तेव्हा ती सुरू झाली.

शरीरात होतं ते असं. मोकळा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत झरत असतं, खाणं असो वा नसो. वैरण कमी आणि दाणा दोनच वेळा भरपूर, असं झालं की रिकाम्या जठराला व्रण होतात. लहान आतड्याला न पेललेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि तिथलं आम्ल वाढवतो. पोटात दुखणारा घोडा चिडका आणि बिचका होतो. मालक म्हणतो, घोडा मस्तीला आलाय. मग डब्याचा शोध सुरू होतो.

डब्याआधी बाटली होती. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइड फेफऱ्यावर चालतं असं सांगितलं. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेट झोपेसाठी पुढे आणलं. माणसांच्या दवाखान्यातून ही दोन्ही औषधं तबेल्यात पोचायला वेळ लागला नाही. क्लोरल तर घोड्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये पुढे कित्येक दशकं टिकलं.

पुढचा धागा मुंबईतून जातो. इथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरचे अनुभव छापले आणि आपली जुनी मुळी जगाच्या नजरेत आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं केलं. रक्तदाब उतरवता उतरवता ते मनही मंद करी, म्हणून काही काळ मनोरुग्णांनाही दिलं गेलं. दुखापतीमुळे बांधून ठेवलेल्या तापट घोड्यांसाठी पशुवैद्यांनी ते उचललं, कारण त्याचा असर कित्येक दिवस राहतो. हाच असर घोडा रिंगणात गुपचूप थंड ठेवू पाहणाऱ्यांनाही सोयीचा वाटला, आणि रेसरपिन बंदीच्या यादीत गेलं.

गंमत अशी की रेसरपिन मेंदूतला सेरोटोनिन (मेंदूतले निरोप पोचवणारं एक रसायन) आणि त्याच्या भावंडांचा साठा रिकामा करून घोड्याला थंड करतं. आजचा डबा ट्रिप्टोफॅन, म्हणजे शरीर ज्यातून सेरोटोनिन घडवतं तो घटक, विकतो तो नेमकं उलट सांगून: हे खाऊ घाला, सेरोटोनिन वाढेल, घोडा शांत होईल. माणसांच्या मानसोपचारातली फॅशन बदलली, तसं लेबल बदललं. ग्रिमेट आणि सिलेन्स यांनी २००५ मध्ये ट्रिप्टोफॅनवरचं उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा घोडा शांत होतो याला भक्कम आधार सापडला नाही. कमी मात्रेत सौम्य उत्तेजना दिसलेली, आणि तोंडावाटे फार मोठ्या मात्रेत तांबड्या पेशी फुटण्याचा धोका.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अडथळा-उड्यांचं वैयक्तिक सुवर्ण आयर्लंडच्या कियन ओ'कॉनरला मिळालं. त्याच्या वॉटरफर्ड क्रिस्टल या घोड्याच्या नमुन्यात माणसांच्या मनोविकारांवरची दोन औषधं सापडली, फ्लुफेनाझिन आणि झुक्लोपेन्थिक्सॉल. दुसरा नमुना इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत पोचण्याआधीच चोरीला गेला! कामगिरी सुधारण्याचा हेतू नव्हता हे मान्य झालं, तरी २००५ मध्ये पदक गेलं आणि सुवर्ण ब्राझीलच्या रॉड्रिगो पेसोआकडे आलं. अशा प्रकरणांनी चाचण्या कडक झाल्या आणि 'चाचणीत न सापडणारं' या तीन शब्दांना बाजारभाव आला. अमेरिकेत काही काळ गाबा (मेंदूतली उत्तेजना आवरणारं रसायन) असलेलं उत्पादन त्याच भरवशावर खपलं. २०१२ मध्ये तिथल्या अश्वक्रीडा महासंघाने गाबावर बंदी घातली. व्हॅलेरियन ही तर वनस्पती, पण तिच्यातल्या व्हॅलेरेनिक आम्लामुळे तीही अडकते. 'हर्बल' या शब्दाला प्रयोगशाळेत किंमत नाही. सर्पगंधाही वनस्पतीच आहे.

तेव्हा आजच्या डब्यात जे आहे, ते बरंचसं बंदीच्या चाळणीतून खाली पडलेलं. मॅग्नेशियम आणि बी-१ ची कमतरता असेल तर दोन्हींचा उपयोग खरा आहे: ब्रॅकन नावाचं नेचं खाल्लेल्या घोड्याचं बी-१ नष्ट होतं, तो झोकांड्या खातो आणि बी-१ दिल्यावर सावरू शकतो. मॅग्नेशियम घटलं तर स्नायू थरथरतात. पण बऱ्या वैरणीवरच्या घोड्यात ही कमतरता सहसा नसतेच, आणि नसलेली उणीव भरून काढायला डबे विकले जातात.

दाण्याकडे पुन्हा वळून पाहणारं एक काम अमेरिकेत व्हर्जिनियात झालं. हॉलंड, क्रोनफेल्ड आणि मीचम यांनी १९९६ मध्ये घोड्यांच्या आहारात दहा टक्के चरबी घातली, सोया लेसिथिन (सोयाबीनमधला एक स्निग्ध पदार्थ) आणि मक्याच्या तेलाच्या रूपात. मग मोठा आवाज, अचानक समोर येणारी वस्तू यांना ते कसे दचकतात हे मोजलं. लेसिथिनवरचे घोडे कमी दचकले, उगाच हालचालही कमी करू लागले. घोडे मोजकेच होते, म्हणून फार ताणू नये. पण स्टार्चची ऊर्जा काढून तिच्या जागी तेल आणि तंतुमय वैरण द्यायची, हा आजच्या घोड्यांच्या आहारतज्ज्ञांचा पहिला सल्ला त्याच वाटेवरचा आहे. कौटिल्याचं एक प्रस्थ तेल पुन्हा तोबऱ्यात आलं. फक्त त्याच्यासोबतचे दोन द्रोण धान्य आता कोणी मोजून देत नाही.